जमीन कुठल्या बाजूला?

आपण हवेत आहोत एवढं माइते एचेवेरियाला कळत होतं, पण जमीन कुठल्या बाजूला आहे ते कळेना.

जानेवारीतली दुपार होती. व्हिटलॉक विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये रोजचा सराव चालला होता. माइतेने तिची नेहमीचीच उडी मारली होती, चौदा वर्षांची असल्यापासून मारत आलेली. जोरात धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवर पाठमोरं होऊन व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकायचे, आणि टेबलाने वर फेकलं की मागे कोलांटी घेता घेता अंगाभोवती एक पूर्ण गिरकी. दात घासताना माणूस विचार करत नाही, तसा ती या उडीचा विचार करत नसे. त्या दिवशी टेबलावरून हात सुटले आणि कोणीतरी मधेच दिवा मालवावा तसं झालं. डोळे उघडे होते. छतातल्या नळ्या दिसत होत्या, निळी गादी दिसत होती, पण यातलं वर काय आणि खाली काय याचा मेळ लागेना. अंग आपलं आपण फिरत राहिलं. मग ती खांद्यावर आणि मानेवर आपटली.

खाली सरावाची जाड, मऊ गादी होती म्हणून निभावलं.

"पाय लवकर उघडलेस!" कोच लोरेन पिकेट पलीकडच्या टोकाकडून ओरडल्या.

"हो कोच. हात घसरला जरा."

हात घसरला नव्हता. उठून ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

जिम्नॅस्ट मुली या गोष्टीचं नाव मोठ्याने घेत नाहीत. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणतात ना, तसं. फार तर "हरवली" म्हणतात. माइते लहानपणी बॉयसी शहरातल्या ज्या क्लबमध्ये शिकली, तिथे जोसी नावाची मुलगी अशीच हरवली होती आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. जोसी आता चालते, नोकरी करते, पण मागून हाक मारली की तिला सगळं अंग वळवावं लागतं.

खरं तर यावर उपाय आहे. कोचला सांगायचं, मोठ्या उड्या बंद करायच्या, लहान मुलींसारखी पहिल्यापासून सुरुवात करायची. काही आठवड्यांत बहुतेकींना दिशा परत सापडते. दुसऱ्या कुठल्याही वर्षी माइतेने त्याच दुपारी सांगून टाकलं असतं. ते वर्ष तसं नव्हतं.

आमचं व्हिटलॉक म्हणजे ऑरेगनच्या पूर्व टोकाला गव्हाच्या टेकड्यांत वसलेलं गाव. विद्यापीठ नसतं तर इथे बसही थांबली नसती. मी तिथे भूगोल शिकवायचो आणि माइते माझ्या वर्गात होती. तिच्याकडून, आणि नंतर इतरांकडून, हे सगळं माझ्यापर्यंत आलं.

आमचं विद्यापीठ दहा विद्यापीठांच्या एका लीगमध्ये खेळायचं. ही लीग माझ्या जन्माआधीची. फुटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळे खेळ आपसात, सगळी गावं एका दिवसाच्या प्रवासाच्या आत. आदल्या उन्हाळ्यात सगळ्यांत मोठं विद्यापीठ लीग सोडून गेलं. दूरच्या एका लीगचे फुटबॉलचे सामने देशभर टीव्हीवर दिसत होते आणि त्याचा पैसा मिळत होता, तिथे. मग त्याच्या मागून आणखी दोन. मग मागे राहण्याची भीती प्रत्येकाला सुटली आणि पानगळीपर्यंत आमच्यासोबत एकच विद्यापीठ उरलं. शेवटी कोणीतरी आमची दया केली. पार टेक्सासपर्यंत पसरलेल्या एका नव्या लीगने आम्हाला पुढच्या वर्षीपासून घ्यायचं ठरवलं. गावात फटाके वाजले. पण त्या लीगला आमचा फुटबॉल आणि बास्केटबॉल हवा होता. जिम्नॅस्टिक्स तिथे कोणी खेळतच नव्हतं.

क्रीडासंचालक डग्लस ऑस्टर यांनी मुलींना बोलावून घेतलं. ते मवाळ आवाजाचे, नेहमी पुढे वाकून बोलणारे गृहस्थ. "हे बघा, तुमच्या संघाबद्दल कुठलाही निर्णय झालेला नाही," असं ते म्हणाले, आणि जाता जाता पुन्हा म्हणाले, "मुलींनो, निर्णय झालेला नाही."

बाहेर आल्यावर संघाची कर्णधार कॉर्डी बँक्स म्हणाली, "निर्णय झालेला नाही म्हणजे काय, कळलं का? निर्णय झालाय म्हणजे!"

मग मुली प्रत्येक गोष्टीत खुणा शोधायला लागल्या. हॉलचा हीटर बिघडला आणि दुरुस्तीला कोणी आलं नाही, ही खूण. नवे पोशाख आले नाहीत, ही खूण. दोन राज्यं पलीकडच्या एका विद्यापीठाने कुस्तीचा संघ बंद केला तेव्हा त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. आणि नोव्हेंबरात, ऐन सरावात, लांब टेप घेऊन दोन माणसं आली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत हॉल मोजायला लागली. कॉर्डी फ्लोअरवर, म्हणजे कोलांट्यांच्या मोठ्या चटईवर, पाय ताणत बसली होती.

"बाळा, जरा पाय उचलतेस?" त्यातला वयस्कर माणूस अदबीने म्हणाला.

कॉर्डीने पाय उचलला. टेप खालून सरकली.

"कशासाठी मोजताय?"

"आम्हाला फक्त मोजायला सांगितलंय."

"मग? किती भरलं?"

"पुरेसं आहे."

"पुरेसं कशाला?"

तो माणूस टेप गुंडाळत गुंडाळत दाराकडे गेला. दुसऱ्या दिवशी बातमी आली, की फुटबॉलच्या पोरांना वजनं उचलायला मोठी जागा हवी आहे.

कोच पिकेट यांनी मुलींना गोलात बसवलं. बाई साठीच्या जवळ आलेल्या. त्याच हॉलमध्ये स्वतः खेळल्या आणि तिथेच केस पांढरे केले. "ऐका," त्या म्हणाल्या. "यंदा आपण विभागीय स्पर्धेत गेलो ना, तर आपल्याला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. जिंकणाऱ्या संघाला कोण बंद करतं?"

बुडत्याला काडीचा आधार. मुलींनी ते वाक्य धरून ठेवलं. आणि त्या आशेचा मोठा भार माइतेवर होता, कारण व्हॉल्टवर सहा जणी उडी मारतात, त्यातल्या पाच चांगल्या उड्यांचे गुण धरतात, आणि सगळ्यांत जास्त गुण आणणारी माइते शेवटी जायची. तिच्याआधी कोणी चुकलं तरी ती भरून काढायची.

जानेवारीनंतर ती रोज हरवायला लागली. आधी फक्त व्हॉल्टवर, मग फ्लोअरवरच्या कोलांट्यांतही. सरावात ती काहीबाही सबबी सांगायची. आज पाठ आखडलीय, आज उद्यासाठी जपतेय. स्पर्धांत कशीबशी पायांवर यायची, कधी मोठं पाऊल पडायचं, एकदा गुडघ्यावर आली. जेवण जाईना. दिवसाढवळ्या वर्गात बसल्या बसल्या तिला एकदम वाटायचं, की खुर्ची कलतेय, आणि ती बाकाची कड घट्ट पकडायची. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, मुलगी जागरणं करते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने कॉर्डीला सांगितलं. दोघी एकाच घरात राहायच्या. कॉर्डी स्वयंपाकघरात एक पाय खुर्चीवर ठेवून पातेल्यातून तसाच मॅकरोनी खात होती. घोट्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी होती.

"कॉर्डी, एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"दिवस गेलेत?"

"नाही गं!"

"मग मी कशाला ओरडू? बोल."

"मी हवेत हरवतेय."

कॉर्डीने चमचा खाली ठेवला. मग लंगडत उठली आणि आधी दार लावलं.

"कोचला सांगितलंस?"

"नाही अजून."

"नको सांगूस."

"अगं, पण..."

"माइते, माझं ऐक. तू बाजूला झालीस की आपल्याकडे पाचच उरतात. पाचांतली एक जरी पडली तरी गेलं सगळं. मग त्या टेपवाल्यांना आत यायला दार उघडून द्यायचं, एवढंच राहतं."

"आणि मी मानेवर पडले तर?"

"तू कधी पडतेस?"

"रोज पडतेय, कॉर्डी. तुम्ही कोणी बघत नाही म्हणून."

 खिडकीबाहेर कोणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मग सोपी उडी मार," कॉर्डी शेवटी म्हणाली. "गिरकी काढून टाक. गुण थोडे कमी मिळतील, पण चालेल."

"काढली होती मागच्या आठवड्यात. नुसती सरळ कोलांटी घ्यायची ठरवून धावले."

"मग?"

"अंगाने आपली आपण गिरकी घेतली. मी घेतली नव्हती."

हे ऐकून कॉर्डीचा चेहरा उतरला. तरी ती खुर्ची ओढून माइतेच्या अगदी समोर बसली आणि तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "थोडेच दिवस राहिलेत. मार्च होऊ दे. मग मीच तुला घेऊन जाते कोचकडे. आईशप्पथ."

माइतेने मान हलवली. तिला कॉर्डीचा राग आला नाही, उलट कोणीतरी आपल्याला थांबवणार नाही याची खात्री झाल्यावर जास्तच भीती वाटली.

घरी सांगावं म्हटलं तर तिथेही वाट नव्हती. तिचे वडील बेन्यात जॉर्डन व्हॅलीत मेंढ्या आणि गुरं पाळतात. ती माणसं मूळची स्पेनच्या उत्तरेकडची, बास्क; वडिलांना "आइता" म्हणतात. हा आइता प्रत्येक घरच्या सामन्याला मेंढीच्या मटणाचं पातेलं आणि घरचे सॉसेज घेऊन माळ तुडवत यायचा आणि सगळ्या संघाला जेवू घालायचा. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

"आज मी रेडिओवर बोललो," तो खुशीत म्हणाला.

"आइता, तुम्ही? कशाला?"

"बोलावलं म्हणून. तो पोरगा विचारतो, संघ बंद होईल असं वाटतं का? म्हटलं, माझी पोर शेवटी उडी मारते. ती असताना बंद होतो होय!"

माइते हसली. हसताना तिने आपलं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरलं होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी घरचा शेवटचा सामना होता. या सामन्यात ठरावीक गुण मिळाले तर विभागीय स्पर्धा पक्की. आमचा हॉल मी इतका भरलेला कधी पाहिला नव्हता. टोप्या घातलेले शेतकरी, केसांत रिबिनी बांधलेल्या शाळकरी मुली, माझ्या शेजारी गावातली पोस्टातली बाई. तिसऱ्या रांगेत ऑस्टर बसले होते आणि त्यांच्या बाजूला विद्यापीठाच्या नियामक मंडळाची माणसं. संघ ठेवायचा की नाही, ते एप्रिलमध्ये हीच माणसं ठरवणार होती.

घरचा संघ व्हॉल्टपासून सुरुवात करतो. आधी प्रत्येकीला सरावाची उडी मिळते. माइतेने ती मारली, आणि टेबलावरून सुटताच पुन्हा तो दिवा गेला. ती तिरकी खाली आली, एक पाय गादीच्या बाहेर पडला आणि ती हातांवर कोसळली. प्रेक्षकांत जरा हळहळ झाली, मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सरावाचीच तर उडी, कोण मनावर घेतंय!

कोच पिकेट तिच्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या.

"काय होतंय?"

"काही नाही, कोच."

"माझ्याकडे बघ. हवेत कुठे असतेस ते कळतंय का तुला?"

 माइतेने कोचच्या डोळ्यांत पाहिलं. आणि तिला दिसलं, की उत्तराची वाट न बघता कोचची नजर वळली, तिसऱ्या रांगेकडे गेली, तिथे क्षणभर थांबली आणि मग परत आली.

"तू ठरव," कोच म्हणाल्या. 

पाच जणींच्या उड्या झाल्या. चौथी बसकण मारून पडली. म्हणजे आता माइतेची उडी धरली जाणारच होती. ती धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिने मला नंतर सांगितलं, की त्या वेळी तिला आवाज येणं बंद झालं होतं. समोर टेबल होतं आणि ते नेहमीपेक्षा लांब आणि लहान दिसत होतं. पंचांनी हात वर केला. तिनेही केला. परत फिरावं असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात पाय धावायलाही लागले होते.

स्प्रिंगबोर्ड. हात. टेबल. मग काहीच नाही. वर नाही, खाली नाही, नुसता एक पांढरा भोवरा. तिला जोसीची मान दिसली. आपण आता मरणार, असं तिला स्पष्ट वाटलं, इतकं स्पष्ट की त्यात घाईसुद्धा नव्हती.

आणि तिचे दोन्ही पाय गादीवर रुतले. ती उभी होती. एक पाऊलही हललं नव्हतं.

आम्हाला फक्त सुंदर उडी दिसली. अख्खा हॉल उठून उभा राहिला. पोस्टातली बाई माझ्या गळ्यात पडून रडली. दाराजवळ पातेल्यामागे उभा असलेला बेन्यात दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटत होता आणि बास्क भाषेत काहीतरी ओरडत होता. पोरींनी माइतेला उचलून घेतलं. त्या गर्दीत ती कॉर्डीच्या कानात म्हणाली, "मला काही दिसलं नाही. मी कशी उभी राहिले मला माहीत नाही."

कॉर्डीने तिला आणखी घट्ट धरलं. "हस," ती म्हणाली. "सगळे बघतायत. हस ना."

संघ विभागीय स्पर्धेला पात्र ठरला. सामना संपल्यावर ऑस्टर खाली आले आणि त्यांनी माइतेचा हात दोन्ही हातांत घेतला. "हेच तर हवं होतं! आता विभागीयलाही अशीच एक."

अशीच एक. माइते तिथून सरळ स्वच्छतागृहात गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं. पडली असती तर आज सगळं संपलं असतं. आता ते पुन्हा करायचं होतं, आणि आज पाय कोणी वाचवले ते तिला ठाऊक नव्हतं.

सोमवारी सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्या गोलात बसल्या असताना ती उभी राहिली. हात पाठीमागे बांधले.

"कोच, मी आता व्हॉल्ट करणार नाही. जानेवारीपासून मी हवेत हरवतेय. शनिवारी मी आंधळी उडी मारली."

 मग कोच पिकेट म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"शनिवारी. सरावाची उडी बघितली तेव्हा."

"मग मला थांबवलं का नाही तुम्ही?"

कोच हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "भीती वाटली तर लपवू नका, हे मी तीस वर्षं पोरींना सांगत आले," त्या म्हणाल्या. "आणि परवा मलाच इतकी भीती वाटली, की मी तुला जाऊ दिलं. तू धावायला लागलीस तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. तुझी उडी मी पाहिलेलीच नाही, बाळा."

हॉलचा हीटर अजून बंदच होता. मुलींच्या तोंडातून वाफ निघत होती. मग रेनी नावाची बुटकी मुलगी, बारवर खेळणारी, हळूच म्हणाली, "माझं मनगट. डॉक्टर म्हणाले होते थांब. मी सांगितलं नाही." तिच्या शेजारची टेस म्हणाली, की तिची पाठ सकाळी तासभर सरळ होत नाही. आणखी एकीने गुडघ्याचं सांगितलं आणि रडायलाच लागली. कोच एकेकीकडे वळून बघत होत्या आणि दर वेळी त्यांचे खांदे थोडे आणखी खाली येत होते.

"कॉर्डी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी ठीक आहे," कॉर्डी म्हणाली.

"घोटा?"

"ठीक आहे म्हटलं ना!" ती उठली. माइतेकडे बघून म्हणाली, "झालं तुझं समाधान? आता जातो आपण घरी सगळ्या."

आणि दार आपटून निघून गेली.

विभागीय स्पर्धेला संघ गेला, पण माइते, रेनी आणि ती गुडघ्याची मुलगी बाजूला बसून. उरलेल्यांनी जमेल तेवढं केलं. शेवटचा प्रकार फ्लोअरचा. कॉर्डी घोट्याला जाड पट्टी बांधून उतरली. पहिली कोलांटी उत्तम झाली. दुसरीतून खाली येताना वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. माइतेला तो पहिल्या रांगेत ऐकू आला. संगीत तसंच चालू राहिलं आणि कॉर्डी चटईवर बसून आपल्या पायाकडे बघत होती, हा पाय कोणाचा असं विचारत असल्यासारखी. सर्वांत आधी माइते धावली. कॉर्डीने तिचा हात पकडला आणि स्ट्रेचर येईपर्यंत सोडला नाही.

संघ शेवटचा आला.

एप्रिलमध्ये मंडळाने जिम्नॅस्टिक्स, मुलींचं पोहणं आणि मुलांचं टेनिस बंद केलं. ऑस्टर यांनी मुलींना ते त्याच मवाळ आवाजात सांगितलं. शिकायचं असेल त्यांची शिष्यवृत्ती चालू राहील, जायचं असेल त्यांना मदत करू. कोणी फारसं रडलं नाही. माइते मात्र मागे थांबली आणि सगळ्या गेल्यावर तिने विचारलं, "सर, मी विभागीयला उडी मारली असती तर संघ वाचला असता का?"

ते खिडकीशी गेले. "बाहेर कोणी विचारलं तर मी 'नाही, वाचला नसता' असंच म्हणणार आहे," ते म्हणाले. "तुला खरं सांगू? मला माहीत नाही. मंडळात दोघे तुमच्या बाजूने होते. आणखी एक कदाचित वळला असता, कदाचित नसता. आपण ज्या नव्या लीगमध्ये जातोय, तीसुद्धा फुटतेय असं ऐकतो. पुढच्या वर्षी या खोलीत मी तरी असेन का, तेही मला माहीत नाही."

त्यांचा चेहरा बघून माइतेला वाटलं, यांनाही बरेच दिवस जमीन कुठे आहे ते कळत नसावं.

कॉर्डीचा घोटा शस्त्रक्रियेने जुळला, पण जिम्नॅस्टिक्स संपलं. कॉर्डी गाव सोडून निघाली त्या दिवशी माइते तिच्या खोलीत खोकी भरत होती आणि कॉर्डी प्लास्टरचा पाय पलंगावर ठेवून हुकूम सोडत होती.

"तो दिवा नीट गुंडाळ. तुझ्यासारखा पडायचा."

"फेकूनच देते."

थोड्या वेळाने कॉर्डी म्हणाली, "त्या सोमवारी मला तुझा राग नव्हता आला गं. तू बोललीस तेव्हा मला कळलं की मीही बोलू शकते. आणि माझी जीभच उचलली नाही." मग उशीत तोंड घालून ती रडली, आणि माइते तिच्याजवळ बसून राहिली.

मे महिन्यात बेन्यात पिकअप घेऊन लेकीला न्यायला आला. गाव मागे पडलं, गव्हाच्या टेकड्या संपल्या, मोकळा माळ सुरू झाला. तिथे माइतेने त्याला सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं. जोसीचं, दिवा जाण्याचं, अंगाने आपली आपण घेतलेल्या गिरकीचं. त्या शनिवारची उडीही तिने काही न लपवता सांगितली.

 थोडं पुढे जाऊन बेन्यातने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. तारेच्या कुंपणापाशी तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. बराच वेळ झाला तशी ती उतरून त्याच्याजवळ गेली. त्याने दोन्ही हातांनी कुंपणाचा खांब धरला होता आणि तो धिप्पाड माणूस लटलट कापत होता.

"आइता, झालं ते. मी आहे ना इथे."

"मी टाळ्या वाजवत होतो," तो म्हणाला. "तू वर होतीस आणि मी टाळ्या वाजवत होतो, माइते."

तिने त्याच्या खांबावरच्या हातावर आपला हात ठेवला. वारा सुटला होता. एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि दोघेही दचकले. मग पुन्हा शांत झालं, पण बेन्यातचे हात थांबायला बराच वेळ लागला. पुढचा रस्ता गाडी माइतेने चालवली.